गर्वाला ठेविलेली नावे

मनुष्याच्या अंगच्या दोषांपैकी भाषेने ज्याला सर्वांत अधिक नावे ठेविली असा दोष कोणता, असे कोणी विचारल्यास आम्ही विलंब न लावता गर्वाकडे बोट दाखवू. ‘नावे ठेविली’ हा प्रयोग येथे आम्ही दोन्ही अर्थांनी करीत आहो. एका संध्याकाळी सहज कागद पुढे ओढून आठवतील तसे शब्द आम्ही लिहू लागलो : गर्व, अभिमान, अहंकार, अहंता, मद, दर्प, ताठा, माज, मस्ती, रग, गुर्मी, घमेंड, मिजास, मगरुरी, मुजोरी, शिरजोरी, तोरा, ऐट, दिमाख, शेखी, फुशारकी, बढाई, प्रौढी, आढ्यता, शिष्टपणा, उद्धटपणा, उर्मटपणा, उद्दामपणा, आगाऊपणा, चढेलपणा. मोजून ३० झाले. तेवढ्यात घरातील मंडळींनी खोलीच्या दारावरून जाताजाता आणखी चारपाच पुरविले. ते कोणास उद्देशून, याची चौकशी आम्ही केली नाही. मग कागद उलटून याच्या विरुद्ध गुणाची नावे लिहावयास घेतली. विनय, नम्रता, लीनता, शालीनता. पाचव्या शब्दापाशी लेखणी अडखळली. निगर्वी, निरभिमानी हे शब्द सुचले खरे, परंतु ते गर्वाच्याच घरून नकार जोडून आणलेले. स्वतःच्या पायांवर उभे असलेले नम्रतेचे शब्द हाताच्या बोटांवर मावतात, आणि गर्वाच्या शब्दांस कागद पुरत नाही. हे असे का, हा प्रश्न त्या दिवसापासून आमचा पिच्छा सोडीत नाही.

गर्वच जगात अधिक म्हणून त्याचे शब्दही अधिक, हे उत्तर सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. एकाच अर्थाचे दोन शब्द भाषेत फार दिवस एकत्र नांदत नाहीत. एकतर त्यांतला एक मरतो, नाही तर दोघे भावांप्रमाणे घर वाटून घेतात. तेव्हा ३० शब्द आज हयात असतील तर ३० वाटण्या झालेल्या असल्या पाहिजेत. कोशांत पाहावे तर या वाटण्या फारशा दिसत नाहीत. अमरसिंहाने आपल्या कोशात गर्व, अभिमान आणि अहंकार यांस एकाच पंक्तीला बसविले, आणि पुढील पर्यायकोश बहुधा त्याच वाटेने गेले. जिज्ञासूने गर्वाचा अर्थ पाहावा तर त्यास अभिमानाकडे पाठवावे, अभिमानाने ताठ्याकडे, आणि ताठ्याने पुन्हा गर्वाकडे, असा हा सरकारी कचेरीतला फेरा आहे. शब्दाचा खरा स्वभाव पाहावयाचा तर तो कोणत्या क्रियापदाशी संसार करतो ते पाहावे, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहो. येथे तोच उपाय करून पाहू.

गर्व ‘होतो’, जसा ताप होतो, सर्दी होते. म्हणूनच लोक त्यास थट्टेने ‘गची बाधा’ म्हणतात. बाधा म्हटली की पछाडलेल्या माणसाकडे थोडे कीवेनेही पाहता येते. माज ‘चढतो’ आणि ‘उतरतो’. म्हणजे त्याची गणना विषात किंवा नशेत. मस्ती आणि रग ‘जिरते’, पण ती आपण होऊन क्वचितच जिरते. जिरविणारा दुसरा कोणी लागतो. ताठा ‘मोडतो’. वाळलेल्या काठीस वाकणे ठाऊक नसते. ती एकतर सरळ राहते, नाही तर तुटते. अहंकार मात्र ‘गळतो’, पिकल्या पानासारखा. त्यास दुसऱ्याचा हात लागत नाही. तोरा, शेखी, प्रौढी आणि टेंभा ही ‘मिरवितात’. बढाई आणि फुशारकी ‘मारतात’. या साऱ्या मंडळीत ‘बाळगतात’ तो एकटा अभिमान. बाळगणे म्हणजे जवळ ठेवून जपणे. जी वस्तू जपावयाची ती मौल्यवान असली पाहिजे, हे भाषेने एका क्रियापदाने सांगून टाकिले.

मिरविण्याच्या शब्दांचा वर्ग निराळा पाडला पाहिजे. मिरविण्यास रस्ता लागतो आणि दुतर्फा बघे लागतात. निर्जन अरण्यात तोरा मिरविता येत नाही. ऐटीला निदान एक आरसा तरी हवाच. ताठ्याचे तसे नाही. मनुष्य ओसाड बेटावर एकटा पडला तरी त्याचा ताठा त्याच्यापाशी शाबूत राहू शकतो. इंग्रजीत ‘प्राइड’ आणि ‘व्हॅनिटी’ यांत हाच भेद करितात. जेन ऑस्टिनबाईंच्या १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत तो एका पात्राच्या तोंडून स्पष्ट सांगितला आहे : पहिल्याचा संबंध आपण स्वतःस काय समजतो याच्याशी, दुसऱ्याचा संबंध लोकांनी आपणांस काय समजावे याच्याशी. भेद अगदी बिनचूक आहे. गंमत अशी की, लेखिकेने तो घातला मेरी नावाच्या बहिणीच्या तोंडी, आणि पाच बहिणींत आपले वाचन चारचौघांत मिरविण्याची हौस सर्वांत अधिक ती हिलाच. वाचकाने हसावे अशीच ती योजना आहे. व्याख्या पाठ असणे आणि दोषातून मोकळे असणे या दोन गोष्टींत किती अंतर आहे, याची प्राध्यापकवर्गास वेळोवेळी आठवण व्हावी म्हणून आम्ही तो भाग दरवर्षी आवडीने शिकवितो.

म्हणींनी या प्रांतात कोशांहून बारीक काम केले आहे. थोड्याशा मिळकतीने किंवा विद्येने फुगणाऱ्यास लोक ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला’ असे म्हणतात. दुसऱ्याच्या स्तुतीने फुगणाऱ्यास हरभऱ्याच्या झाडावर चढवितात. आणि ज्याने हरभऱ्याचे शेत पाहिले आहे त्यास हे ‘झाड’ गुडघ्याच्या फारसे वर येत नाही हे सांगावयास नको. ऐश्वर्य गेले तरी ज्याचा ताठा जात नाही त्याच्यासाठी जळलेल्या सुंभाचा न जळणारा पीळ आहे. तिघांचेही दुखणे गर्वच. पण एकाचे कारण अल्प प्राप्ती, दुसऱ्याचे खुशामत आणि तिसऱ्याचे गत वैभव. रोग एक असला तरी वैद्याने तिघांस एकच काढा देऊ नये.

आता शब्दांच्या जन्मस्थानाकडे वळू. यांतील पुष्कळ शब्द गोठ्यातून आणि पागेतून आले आहेत. म्हैस माजावर आली असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्यात निंदेचा लेशही नसतो, उलट ती आनंदाची वार्ता असते. सुमारे २१ दिवसांनी येणारी ती एक निसर्गाची वेळ आहे, आणि एकदोन दिवसांत ती आपोआप ओसरते. शेतात तण माजते, रान माजते, म्हणजे नको तितके वाढते. मद हा हत्तीचा. नर हत्तीच्या गंडस्थळातून तो स्रवू लागला म्हणजे ओळखीच्या माहुतासही जपून राहावे लागते. मस्तीचे मूळ फारसी ‘मस्त’, म्हणजे धुंद. लगामास न जुमानणारा घोडा तो मुजोर. उद्दाम हा शब्द संस्कृतातला, आणि त्याची फोड फार बोलकी आहे : दाम म्हणजे दावे, ज्याचे दावे सुटले तो उद्दाम. या शब्दांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. हे सारे शब्द जनावराने निर्माण केलेले नाहीत, जनावराच्या धन्याने निर्माण केलेले आहेत. दावे सुटले हे गाईच्या दृष्टीने दुःख नव्हे; ते दुःख दाव्याचे दुसरे टोक ज्याच्या हाती होते त्याचे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

दुसरा मोठा जथा फारसी-अरबीच्या वाटेने आला, आणि वाटेत त्याचे रूप पालटले. मिजास मुळात ‘मिजाज’, म्हणजे प्रकृती, मनाची ठेवण. उर्दूत आजही पाहुण्याचा मिजाज विचारणे हे सभ्यपणाचे लक्षण मानतात; मराठीत कोणाची मिजास काढली तर भांडणास तोंड लागते. दिमाख म्हणजे मूळचे ‘दिमाग’, मेंदू. मराठीत येऊन तो डोक्यातून उतरला आणि पागोट्यावर चढला. शेखी ही ‘शेख’ या मानाच्या पदवीपासून निघालेली. मगरूर या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘फसलेला’, भुलीत पडलेला. स्वतःविषयीच्या भुलीला याहून नेमके नाव सापडणे कठीण. माधवराव पटवर्धन ऊर्फ माधव जूलियन यांचा फारसी-मराठी कोश १९२५ साली निघाला. तो चाळताना अशा स्थित्यंतरांची मौज पदोपदी भेटते. प्रकृती, मेंदू आणि पदवी यांचे निरुपद्रवी शब्द मराठीत शिरताच गर्वाचे का झाले? आमचा तर्क असा : हे शब्द आमच्या गावी अंमलदाराच्या बरोबर आले. प्रजेला साहेबाची प्रकृती दिसली ती त्याच्या लहरीतून, आणि त्याचे डोके दिसले ते वर केलेले. ज्या बाजूने पाहिले त्या बाजूचा अर्थ शब्दाला चिकटला.

येथे आमचा मुख्य मुद्दा सुरू होतो. गर्वाच्या प्रत्येक शब्दास एक दिशा असते, आणि ती कोशात लिहिलेली नसते. उद्धट कोण असू शकतो याचा विचार करा. सून उद्धट असते, विद्यार्थी उद्धट असतो, गडी उद्धट असतो. सासूबाई कितीही लागट बोलल्या तरी त्यांस कोणी उद्धट म्हणत नाही. फार झाले तर फटकळ म्हणतील. प्राचार्य उद्धट नसतात, करारी असतात. धनी उर्मट झाला तर तो तापट ठरतो. ‘शेफारला’ हे लाडावलेल्या मुलाविषयी म्हणतात, आणि मजुरी वाढवून मागणाऱ्या मजुराविषयीही म्हणतात; मजुरी थकविणाऱ्या मालकाविषयी ते म्हटल्याचे आमच्या कानांवर आलेले नाही. ‘चढेल’ म्हणावयाचे तर मनुष्य आधी खालच्या पायरीवर असावा लागतो. उलटपक्षी आढ्यतेला पैसा लागतो. आढ्य म्हणजेच धनवान. ‘शिष्ट’ हा तर संस्कृतात सुसंस्कृत माणसाचा गौरव. मराठीत तो बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्याची बोळवण करण्याचा शब्द झाला. एकच वागणूक घ्या : मान वर, पाऊल ठाम, उत्तर स्पष्ट. ती सधन घरच्या तरुणाची असेल तर ऐट, जरा अधिक असेल तर रुबाब. निर्धनाची असेल तर माज. मान तीच, पाहणाऱ्याची जागा तेवढी बदलली.

हे केवळ शब्दांचे खेळ नव्हेत. एका महाविद्यालयाच्या शिस्त समितीवर काही काळ बसण्याचा योग आम्हांस आला होता. एके दिवशी एका विद्यार्थ्याविरुद्ध लेखी तक्रार आली. मुलगा खेड्यातला, घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिलाच. तक्रारीत सहा ओळी होत्या, आणि त्यांत उद्धट, उर्मट, माजोरी व बेमुर्वत ही चार विशेषणे होती. क्रियापद जवळजवळ नव्हतेच. आम्ही तक्रार करणाऱ्या सहकाऱ्यांस विचारले, ‘त्याने केले काय?’ त्याने उत्तरपत्रिका पाहावयास मागितली होती. ‘मग?’ नकार मिळाल्यावर दुसऱ्यांदा मागितली, आणि नियमात तसे लिहिले आहे असे सांगितले. बोलताना तो उभा होता काय? होता. एकेरीवर आला काय? नाही. आवाज चढविला? तसेही नाही. ‘पण सर, त्याची नजर बघायला हवी होती तुम्ही,’ असे शेवटी उत्तर आले. त्याच आठवड्यात संस्थेच्या एका बड्या आश्रयदात्यांचे चिरंजीव परवानगीवाचून त्याच कचेरीत शिरून खुर्ची ओढून बसले होते, आणि त्यांच्याविषयी तोच सहकारी चहाच्या वेळी ‘मुलगा जरा ऐटबाज आहे, पण मोकळा आहे’ असे कौतुकाने बोलला होता.

आम्ही समितीपुढे एवढीच सूचना मांडली की, तक्रारीतील विशेषणे गाळून ती पुन्हा लिहावी. पुन्हा लिहिली तेव्हा एकच वाक्य उरले : सदर विद्यार्थ्याने आपली उत्तरपत्रिका दोन वेळा पाहावयास मागितली. ते मोठ्याने वाचून झाल्यावर एका वृद्ध सभासदांनी चष्मा काढून विचारले, ‘यात तक्रार कोठे आहे?’ प्रकरण तेथेच मिटले. मुलास उत्तरपत्रिका दाखविली. गुण होते तितकेच निघाले. तो आभार मानून गेला. परंतु त्या चार विशेषणांचा कागद तसाच पुढे गेला असता तर वर्तणुकीच्या दाखल्यावर त्यातले एखादे बसले असते, आणि दाखल्यावरचे विशेषण मनुष्याबरोबर फार दूरवर प्रवास करते.

घरातल्या आणि कचेरीतल्या या लहान गोष्टी. हेच मोठ्या प्रमाणावर इतिहासात घडले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि सर्वांसाठी कायद्याने खुले झालेले ते पाणी प्याले. ओंजळभर पाणी पिण्याहून साधे कृत्य जगात दुसरे नसेल. तरीही त्याच दिवशी परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ले झाले. पिणाऱ्यांच्या दृष्टीने जो स्वाभिमान होता, तोच काठी घेऊन आलेल्यांच्या दृष्टीने माज होता. दावे सुटल्याचे दुःख कोणाचे असते हे आम्ही वर म्हटले आहे, ते याचसाठी. ‘माजले’ हा शब्द त्या दिवशी किती जणांनी उच्चारला हे सांगता येणार नाही. पण तो शब्द मनात तयार असल्यावाचून काठी हातात येत नाही, असे आम्हांस वाटते.

प्राचीन अथेन्समध्ये याच्या अगदी उलट व्यवस्था होती, म्हणून तिचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. ग्रीकांचा ‘ह्युब्रिस’ हा शब्द आज इंग्रजी टीकाकार नाशापूर्वीच्या अतिगर्वासाठी वापरतात. पण अथेन्सच्या कायद्यात तो एक अपराध होता : दुसऱ्यास केवळ आपल्या सुखासाठी हीन करणे, त्याची अप्रतिष्ठा करणे. अन्याय ज्याच्यावर झाला त्यानेच फिर्याद करावी असे बंधन नव्हते. कोणीही नागरिक ती करू शकत असे, आणि गुलामाशी केलेले असे वर्तनही त्या कायद्याच्या कक्षेत येत असे. तरुण आणि धनिक यांच्या अंगी हा दोष विशेष असतो, असे अॅरिस्टॉटलने नोंदविले आहे. गुलामगिरी पोसणाऱ्या त्या समाजाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या गर्ववाचक शब्दाचे टोक निदान कायद्यात तरी बलिष्ठाकडे होते, आणि आमच्या घरगुती शब्दांपैकी बहुतेकांचे टोक दुबळ्याकडे आहे, हा फरक विचार करण्याजोगा आहे.

शब्दांस दिशा असते तसे नशीबही असते. सांख्यांच्या तत्त्वज्ञानात अहंकार हे सृष्टिक्रमातील एक तत्त्व; त्याची व्याख्याच अभिमान या शब्दाने केलेली आहे, आणि तेथे निंदास्तुतीचा प्रश्न येत नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्ती मोजताना दंभ व दर्प यांच्या जोडीला कित्येक प्रतींत अभिमान येतो, कित्येकांत अतिमान. म्हणजे एके काळी अभिमान असुरांच्या पंक्तीला बसलेला होता. मराठीत तो तेथून उठला, देशाभिमान, भाषाभिमान आणि स्वाभिमान या रूपांनी सभ्य झाला, आणि वाईट अर्थासाठी त्यास ‘दुर्’ हा उपसर्ग लावण्याची पाळी आली. शेजारी मात्र त्याचे नशीब निराळे. हृषीकेश मुखर्जींचा ‘अभिमान’ हा हिंदी बोलपट १९७३ साली आला. पत्नीचे गाणे आपल्याहून वरचढ ठरताच दुखावलेल्या गायकाची ती कथा, आणि त्यातील अभिमान हा दोषच आहे. बंगालीत अभिमान म्हणजे प्रेमाच्या माणसाने दुखविल्यावर येणारा अबोल रुसवा. तीन शेजारणींनी एकच शब्द माहेरून आणला. एकीच्या घरी तो गुण झाला, दुसरीच्या घरी दोष, आणि तिसरीच्या घरी डोळ्यांतले पाणी. ‘अस्मिता’ तर योगसूत्रांत पाच क्लेशांपैकी एक. आज ती व्यासपीठावरची आवडती देवता आहे. क्लेशाची देवता झाली, आणि वाटेत कोणी थांबवून विचारले नाही.

दर्पाचे मराठीतील नशीब सर्वांत विलक्षण. आज हा शब्द बहुधा उग्र वासासाठी येतो. तेलाचा दर्प, औषधाचा दर्प. आम्हांस हे स्थित्यंतर फार मार्मिक वाटते. उग्र वास खोलीतील सर्वांस येतो. ज्याच्या अंगाचा तो असतो त्याचे नाक मात्र सवयीने मरून गेलेले असते.

आता अलीकडे मराठीत जे चालले आहे त्याविषयी दोन शब्द. ‘आम्हांस याचा गर्व आहे’ असे वाक्य फलकांवर आणि भाषणांत सर्रास दिसू लागले आहे. हिंदीत गर्व हा चांगल्या अर्थाने चालतो आणि वाईटाचा भार घमंड वाहतो. तेथील वाक्य उचलून आणले आणि मराठीतले कुंपण पडले. ही तक्रार केवळ शुद्धलेखनवाल्यांची म्हणून कोणी बाजूस सारू नये. जी भाषा अभिमान आणि गर्व यांस वेगळे ठेविते, ती बोलणाऱ्यास बोलण्यापूर्वी निवड करावयास लाविते. मी जे मिरवीत आहे ते यांपैकी कोणते, हा प्रश्न क्षणभर तरी मनात उभा राहतो. कुंपण पडले की प्रश्नही पडेनासा होतो.

पण हे कुंपण नेमके कोठून जाते? कवींच्या उदाहरणाने ते पाहता येईल. कालिदास रघुवंशाच्या आरंभी स्वतःस उंच फळाकडे हात पसरणाऱ्या बुटक्याची उपमा देतो. हा विनय सर्वमान्य आहे. भवभूती ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत अवज्ञा करणाऱ्यांस सांगतो की हा उद्योग तुमच्यासाठी नाही, काळास अंत नाही, पृथ्वी विस्तीर्ण आहे, कोणी समानधर्मा केव्हातरी जन्मेल. यास गर्व म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. भवभूती कोणास खाली ओढीत नाही. तो फक्त आपली जागा सोडण्याचे नाकारतो, आणि निकाल काळावर सोपवितो. ज्ञानेश्वरांनी १२९० साली सांगितलेल्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात आपली मराठी पैजेने अमृतासही जिंकील असे म्हटले. पैज लाविली ती अमृताशी. दुसऱ्या कोणाच्या भाषेशी नाही. त्या पैजेत कोणाचीही मान खाली गेली नाही. अभिमानाची आणि गर्वाची कसोटी आमच्या मते हीच : आपले उभे राहणे पुरे व्हावयास कोणी बसलेला लागतो काय? लागत असेल तर तो गर्व. मग त्यास कोणतेही गोंडस नाव द्या. लागत नसेल तर तो अभिमान. मग पाहणाऱ्याने त्यास माज म्हटले तरी हरकत नाही.

आमच्या वर्गातील मुलांस ३० शब्द ठाऊक नसतात. ‘त्याला फार अॅटिट्यूड आहे’ आणि ‘तिचा इगो मोठा आहे’ एवढ्या दोन नाण्यांवर त्यांचा सारा व्यवहार चालतो. एका तासाला आम्ही त्यांस आमची यादी दिली आणि प्रत्येक शब्द ‘मी’बरोबर चालवून पाहावयास सांगितले. ‘मी उद्धट आहे’, ‘मी शेफारलो’, ‘माझी मगरुरी’ अशी वाक्ये होऊ लागली आणि वर्गात हशा पिकला. अभिमानाखेरीज एकही शब्द हसण्यावाचून ‘मी’शी जुळेना. शेवटच्या बाकावरील एका मुलीने तेवढ्यात हात वर करून सांगितले, ‘सर, माज जुळतो. आमच्याकडे मुलं गाडीच्या मागे लिहितात.’ ते खरे आहे. तो शब्द आता काही तरुण आपण होऊन अंगावर घेतात. ज्यास पिढ्यानुपिढ्या त्याच शब्दाने हिणविले त्याने तो उचलून छातीवर लाविला, तर त्यात एक जुना हिशेब चुकता होतो. आणि ज्याच्या वाडवडिलांनी तो शब्द दुसऱ्यांवर फेकला त्याने लाविला, तर हिशेब आणखी वाढतो. गाडीमागील अक्षरे मात्र दोघांचीही सारखीच दिसतात.

त्या मुलीला आम्ही विचारले, ‘तुला कधी कोणी या यादीतला शब्द लाविला आहे काय?’ ती म्हणाली, ‘आगाऊ. रोज.’ कोण लाविते असे विचारण्याची गरज नव्हती. शब्दाची दिशा साऱ्या वर्गास कळून चुकली होती. तासाची घंटा झाली तरी मुले यादी घेऊन बसून राहिली. प्रत्येक शब्दापुढे हा कोण कोणास म्हणते, असे एक नवे सदर त्यांनी आखले होते, आणि ते भरताना आपापल्या घरांतली नावे ती एकमेकांच्या कानांत सांगत होती.